जुनी फोर-बाय-फोर थंडीत पांदणीत अडली तर जागेवर काय करायचं

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदार भाऊंनी विचारलं आहे: ‘वडिलांच्या वेळची डिझेल फोर-बाय-फोर पिकअप आहे. दोन दांड्यांची (एक पुढचा ॲक्सल जोडायची, दुसरी ‘लो’ म्हणजे हळू, जास्त ओढीच्या गिअरची), पुढे हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कळ). डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. पहाटे क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात निघालो, तर धुऱ्याजवळच मागची चाकं रुतली. पुढची दांडी लावली, पण पुढची चाकं हललीच नाहीत. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. मेकॅनिक जवळ नसताना, थंडीत, अशा वेळी जागेवर काय करता येतं? आणि गाडीत काय काय ठेवावं?’

भाऊ, मी नागपुरात जुन्या जीप आणि पिकअपचीच कामं करतो, आणि थंडीच्या दिवसांत तुमच्यासारखे फोन पहाटेच येतात. तुम्ही नीट विचारलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गाडीचा जो भाग फिरतो, तो वाटेत तारेने बांधून चालवायचा नसतो. तो काढून ठेवायचा असतो. जो भाग फिरत नाही, म्हणजे दांडी, पाइप, टाकी, सायलेन्सर, तो खुशाल बांधा, चिकटवा, ठोका. फोर-बाय-फोर गाडीची खरी सोय हीच आहे की तिचे दोन ॲक्सल वेगवेगळे ओढू शकतात. एक मेला तर त्याला बाजूला करून दुसऱ्यावर घरी येता येतं. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब फिरता दांडा) सैल क्रॉस, म्हणजे टोकाचा वळता सांधा, तार गुंडाळून चालवणारे लोक मी पाहिलेत, आणि तोच शाफ्ट पुढच्या टोकाने सुटून जमिनीत रुतल्यावर गाडीचं काय झालं तेही पाहिलंय. चालत्या गाडीखाली पुढून सुटलेला शाफ्ट गाडी उचलून फेकू शकतो.

आता थंडीचं. आपली थंडी लडाखची नाही, पण तिला कमी लेखू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि उघड्या वावरात, नाल्याच्या कडेला शहरापेक्षा गारठा जास्तच असतो. अशा पहाटे ९० नंबरचं गिअर ऑइल घट्ट होतं, हबमधलं वर्षानुवर्षांचं ग्रीस मेणासारखं बसतं, रबरी पाइप कडक होतात आणि बॅटरीचा जोर उतरतो. म्हणून पहाटे सहाला न लागणारी दांडी अकरा वाजता उन्हात सहज लागते, आणि मालक समजतो की आपोआप बरी झाली. ती बरी झालेली नसते. थंडीने फक्त आतला दोष दाखवलेला असतो.

गाडीखाली जाण्याआधी दोन मिनिटं द्या. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी गोटे किंवा ओंडके लावा. काळ्या मातीत जॅक नुसता ठेवला तर तो गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली जातो, म्हणून त्याच्याखाली जाड फळी हवी. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचं नाही; स्टेपनी आडवी करून चेसिसखाली सरकवा. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. थंडीत बोटं बधिर होतात, सर्क्लिप (खाचेत बसणारी बारीक स्प्रिंगची कडी) हातातून सुटते आणि चिखलात गेलेली सर्क्लिप पुन्हा सापडत नाही, म्हणून खाली ताडपत्री पसरा.

तुमच्या गाडीत नेमकं काय बिघडलं असेल? ‘फोर-बाय-फोर लागत नाही’ म्हणजे तीन वेगळ्या जागांपैकी एक: दांडीपासून ट्रान्सफर केसपर्यंतची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) जोडणी, ट्रान्सफर केसच्या आतलं काही, किंवा पुढच्या चाकांचे हब. पान्याला हात लावायच्या आत यातलं कोणतं ते हातानेच कळतं.

दोन्ही हब मोकळे करा, म्हणजे ‘फ्री’वर. पुढची दांडी लावा, गाडी गिअरमध्ये टाका, इंजिन बंद. आता खाली जाऊन पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा. थोडा हलून अडला, तर ट्रान्सफर केस आपलं काम करतंय. पूर्ण गोल फिरला, तर दांडीची हालचाल आत पोचतच नाही. मग दुसरी परीक्षा: दांडी टू-व्हीलवर आणा, दोन्ही हब ‘लॉक’ करा, आणि चारही चाकं जमिनीवर असताना तोच शाफ्ट पुन्हा पिळा. आता तो अडायला हवा. फिरला, तर दोनपैकी निदान एक हब लॉक झालेला नाही.

माझा अनुभव असा की जुन्या गाडीत बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. आणि एकच हब बिघडला तरी पुढचा ॲक्सल पूर्ण निकामी होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गोळ्याचा, स्वभावच असा की जी बाजू हलकी फिरते, तिकडेच सगळी ताकद सांडते. डावा हब लॉक आणि उजवा मोकळा असेल, तर उजवीकडची हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतची आतली शाफ्ट, नुसतीच गरगर फिरते आणि दोन्ही चाकं जागेवर उभी राहतात. तुम्ही सांगितलेलं लक्षण अगदी हेच आहे. कोणता हब खराब, ते पाहायला पुढचं एकेक चाक उचलून, हब लॉक ठेवून, हाताने फिरवा. ज्या बाजूचं चाक आतून काहीही ओढ न घेता मोकळं फिरतं, तो हब दोषी.

हबची डायल फिरत नसेल तर पक्कड लावू नका. डायल नरम धातूची किंवा प्लास्टिकची असते, पकडीने ती तुटते आणि मग हाती काहीच राहत नाही. चहासाठी चूल पेटलीच असेल तर गरम पाण्यात कापड भिजवून हबवर गुंडाळा, दोन-तीन वेळा. मग कोणाला तरी गाडी हातभर पुढे-मागे ढकलायला सांगा, म्हणजे आतले दाते समोरासमोर येतील, आणि तेव्हा डायल फिरवा. तरी नाही फिरली, तर झाकणाचे बोल्ट खोला. आत काळं, चिकट, घट्ट झालेलं ग्रीस दिसेल. डिझेलमध्ये चिंधी बुडवून ते पुसून काढा, सरकणारं दातेरी कडं बोटाने आत-बाहेर करून मोकळं करा आणि अगदी पातळ ग्रीस फिरवून झाकण लावा. हबमध्ये ग्रीस कोंबून भरणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि थंडीत तीच नडते. ग्रीस बेअरिंगला हवं. लॉकच्या यंत्रणेला त्याचा नुसता हात लागला तरी पुरे.

हब आतून तुटलेलाच निघाला, तर त्याच्या जागी बसणारे साधे ड्राइव्ह फ्लँज लावा. फ्री-व्हीलिंग हब येण्याआधी जीपला हेच असायचे. जुन्या भंगारातून आपल्या ॲक्सलच्या दात्यांशी जुळणारी एक जोडी आणून गाडीत ठेवा. माझ्या मते जुन्या फोर-बाय-फोरमध्ये ठेवण्यासारखी यापेक्षा कामाची दुसरी वस्तू नाही. फ्लँज लावल्यावर पुढचा ॲक्सल कायम जोडलेला राहतो, डिझेल जरा जास्त जातं, स्टिअरिंग जड लागतं, पण दांडी टू-व्हीलवर असेपर्यंत गाडीला काही होत नाही.

दोष दांडीच्या जोडणीत निघाला, तर तो सगळ्यात सोपा. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या दोन दांड्यांच्या जीपमध्ये आतच एक अडसर असतो: पुढचा ॲक्सल लागल्याशिवाय ‘लो’ लागत नाही. मागच्या ॲक्सलवर एकट्यावर लो गिअरचा सगळा जोर पडू नये, म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. त्यामुळे लो लागत नाही म्हणून त्या दांडीवर जोर करणाऱ्यांनी आधी पुढची दांडी खरंच पूर्ण बसली आहे का ते पाहावं. बहुतेक वेळा खालची पिन पडलेली असते किंवा बुश झिजून दांडीची अर्धी हालचाल वाया जाते. पिनच्या जागी जाड खिळा घाला, टोक वाकवा, बांधकामाची तार दुहेरी गुंडाळा. बुशच्या जागी जुन्या चपलेच्या तळव्याचा रबरी तुकडा कापून, मधे भोक पाडून बसवा. हे फिरत नाही, म्हणून हे बांधलेलं चालतं, आणि चांगले महिनाभर चालतं. काहीच हाताशी नसेल, तर इंजिन बंद ठेवून खाली जा आणि ट्रान्सफर केसच्या बाहेर आलेला आर्म पान्याने सरळ सरकवून फोरमध्ये घाला. आत जात नसेल तर मारू नका. गाडी थोडी ढकलून परत बघा.

याच्या उलटही होतं, फोर-बाय-फोर लागते पण निघत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर लावून वळणं घेतली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पीळ खातात आणि दात्यांवर ताण बसून दांडी अडकते. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा दांडी खटकन निघते. नाही निघाली तर दोन्ही हब फ्री करा. पुढचा ॲक्सल चाकांपासून सुटला की दांडी फोरमध्ये राहिली तरी घरी जायला हरकत नाही. हबही अडले असतील तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट खोलून क्रेटमध्ये टाका. ताण सोडवायला एक चाक उचलायचं ठरवलं, तर हात आणि पाय चाकापासून लांब ठेवा. साठलेला पीळ सुटताना चाक झटक्यात फिरतं.

आता मोठं काम, मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटणं. याची चाहूल आधी मिळते. क्लच सोडताना ‘टक’ असा आवाज, विशिष्ट वेगाला जमिनीत हादरा, आणि क्रॉसच्या टोपीतून गंजाची तांबडी भुकटी. भुकटी दिसली म्हणजे आतलं ग्रीस संपलं आहे. थंडीत रुतलेली गाडी काढायला क्लच झटक्याने सोडला की असा वाळलेला क्रॉस जातो.

तो गेला, तर मागचा शाफ्ट दोन्ही टोकांनी खोला. खोलण्याआधी खडूने किंवा छिन्नीच्या हलक्या ठोक्याने दोन्ही बाजूंना खुणा करा, कारण शाफ्टचे दोन भाग सरकत्या जोडातून सुटले आणि नंतर एखाद्या दाताने चुकीचे बसले, तर दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी कायम थरथरते. सुटलेल्या टोप्यांमधल्या सुया सांडू नयेत म्हणून टोप्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप-पिकअपमध्ये सरकता जोड शाफ्टमध्येच असतो, त्यामुळे शाफ्ट काढल्याने ट्रान्सफर केसचं ऑइल सांडत नाही. शाफ्टचं टोक सरळ केसच्या आत सरकणारी रचना असेल, तर मात्र तोंडाला प्लॅस्टिकची जाड पिशवी आणि वर सायकल ट्यूबचा तुकडा घट्ट बांधावा लागेल.

इथे एक धोका आहे, तो ठळक समजून घ्या. कित्येक जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असला तरी मागची चाकं पूर्ण मोकळी, आणि हब फ्री असतील तर गिअरसुद्धा गाडी धरत नाही. उतारावर शेवटचा बोल्ट निघताच गाडी तुमच्या अंगावरून जाऊ शकते. म्हणून ते चाकांचे गोटे. शाफ्ट काढल्यावर लगेच हब लॉक करा आणि दांडी फोरवर ठेवा. मग पुढची चाकं गिअरच्या आणि त्याच हँडब्रेकच्या धाकात राहतात. तरीही उभी करताना गोटे लावायचेच.

आता गाडी पुढच्या चाकांनी ओढेल. पुढचा ॲक्सल एकट्याने भार वाहायला बनवलेला नसतो, म्हणून क्रेट उतरवा. पूर्ण माल घेऊन कळमन्यापर्यंत जायचा हट्ट करू नका. संत्री दुसऱ्या गाडीत जातील. फोर-हायमध्ये (पुढची दांडी लावलेली, पण लो नाही), सौम्य क्लचवर, ताशी तीस-पस्तीसच्या आत चला. लो वापरू नका. चढ आला आणि पुढची चाकं नुसतीच फिरायला लागली, तर गाडी उलटी करून चढ रिव्हर्समध्ये घ्या. चढावर वजन खालच्या बाजूच्या चाकांवर जातं; रिव्हर्समध्ये ओढणारी चाकं तीच असतात. पांदणीतला छोटा, ओला चढ असा सहज पार होतो.

पुढचा शाफ्ट किंवा पुढचा क्रॉस तुटला तर काम सोपं: पुढचा शाफ्ट काढा, हब फ्री करा, मागच्या चाकांवर घरी या. दोन दांड्यांच्या गाडीत इथे एक फायदा आहे. शाफ्ट काढलेला असताना पुढची दांडी लावली की तो आतला अडसर सुटतो आणि लो लागतो. म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर लो मिळतो, ओल्या वावरातून हळू निघायला तो कामाचा. पण आता सगळा जोर मागच्या ॲक्सलवर आहे. क्लच झटक्याने सोडला तर आतली हाफ शाफ्ट तुटेल. तोडफोड पुढच्या चाकाच्या गुडघ्यात, स्टिअरिंग वळतं त्या जोडात झाली असेल, तर फक्त हब फ्री करून भागत नाही. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठे अडकलं, तर गाडी चालवायची नाही. तुटका तुकडा वळणावर स्टिअरिंग जाम करतो.

मागची हाफ शाफ्ट तुटली तर आधी ॲक्सल कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. टाटा ४०७ सारख्या मालगाड्यांना चाकाच्या मध्यभागी बोल्टांचा फ्लँज बाहेर दिसतो. तिथे चाक हबच्या बेअरिंगवर उभं असतं आणि तुटलेली शाफ्ट ओढून काढली तरी चाक निघत नाही. जीप आणि हलक्या पिकअपमध्ये बहुधा तसं नसतं, चाक त्या शाफ्टनेच धरलेलं असतं. तिथे शाफ्ट तुटली म्हणजे चाक कधीही गाडी सोडून जाईल. यावर वाटेतला कुठलाही इलाज नाही. गाडी तिथेच ठेवा, उचलून आणवा.

गळतीसाठी घरातल्याच वस्तू पुरतात. डिझेल टाकीला बारीक भोक पडलं तर कपडे धुण्याची साबणाची वडी त्यावर घासून भरा. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, गावापर्यंत आरामात टिकतो. ट्रान्सफर केसचा ड्रेन प्लग गोट्याला लागून पडला, तर बाभळीच्या ओल्या फांदीची खुंटी निमुळती तासा, तिला चिंधी गुंडाळा आणि हलक्या हाताने ठोका. चिरेवर एम-सील लावायची तर आधी डिझेलने आणि मग कोरड्या कापडाने धातू चकचकीत करा; तेलकट पृष्ठभागावर ती धरतच नाही. थंडीत तिला कडक व्हायला फार वेळ लागतो, म्हणून मळण्याआधी दोन्ही कांड्या थोडा वेळ खिशात अंगाच्या उबेत ठेवा. ऑइल गेलंच असेल आणि गिअर ऑइल नसेल, तर इंजिनचं १५ डब्ल्यू ४० घाला. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ४० हे वेगळ्या मापांचे आकडे आहेत. प्रत्यक्ष घट्टपणात दोन्ही जवळजवळ सारखेच. गिअरच्या दात्यांना लागणारी औषधं इंजिन ऑइलमध्ये नसतात, त्यामुळे घरापर्यंत ठीक, पुढे नाही.

याच ऑइलकडे पाहून अजून एक कळतं. खुंटी मारताना बाहेर आलेलं ऑइल ताकासारखं पांढरट असेल, तर आत पाणी गेलं आहे. गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत कालव्याचे पाट ओलांडताना हेच होतं. धावून तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं बारीक तोंड, मातीने बुजलेला असेल, तर ती ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदर तारेने साफ ठेवणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

दांडीऐवजी बटणवाली गाडी असेल, तर पहाटे दिवा लुकलुकतो आणि फोर लागत नाही, याचं पहिलं कारण बॅटरीचा उतरलेला जोर. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, मग गाडी उभी करून बटण दाबा. नाही लागलं तर फ्यूज, मग मोटरचा प्लग काढून पुसून परत घाला. हब व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर रबरी नळ्यांची टोकं बघा. थंडीत तडकलेलं टोक बोटभर कापून नळी पुन्हा चढवली की बरेचदा काम होतं.

रुतलेल्या गाडीसाठी दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती आणखी न रुतवणं. चाक एकदा नुसतं फिरलं की थांबा. काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. खाचा पेचकसने मोकळ्या करा, हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, आणि चाकांसमोर पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या अंथरा. या दिवसांत दोन्ही वावरात पडलेल्या असतात. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल, तर तो दोन-तीन दाते ओढून हळू रेस द्या. मोकळं फिरणारं चाक थोडं धरलं जातं आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. ट्रान्सफर केसवरचा ब्रेक असेल तर हा उपाय लागू नाही, उलट नुकसान होईल.

थंडीत गाडी गरम करायला खाली टेंभा किंवा शेकोटी पेटवतात, ते कृपा करून बंद करा. ट्रान्सफर केसच्या खाली तेलकट चिखल साचलेला असतो, शेजारून डिझेलची नळी जाते, आणि तुमच्या हौद्यात माल भरलेला असतो. गरम पाण्यात भिजवलेलं पोतं केसवर टाकलं तरी ऑइल तेवढंच सैल होतं.

काही जण अशाच गाड्या घेऊन नागपूरहून थेट हिमाचल-लडाखला जातात. त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्या पंपावरचं डिझेल तिथल्या हिवाळ्यात गोठतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं. तिकडे तेच भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर निघण्याआधी कूलंट घाला, नाहीतर रात्रीत ब्लॉक फुटेल. आणि ॲक्सलमध्ये पाणी शिरलं असेल, तर त्याचं ऑइल इथेच बदला.

गाडीत काय ठेवावं: पुढच्या-मागच्या शाफ्टच्या बोल्टांना बसणारे पाने, आणि ते खरंच बसतात हे घरी खोलून पाहिलेलं असावं. एक क्रॉस सर्क्लिपसह आणि त्याचे यू-बोल्ट. ड्राइव्ह फ्लँजची जोडी. लिटरभर गिअर ऑइल आणि ते भरायला नळीचा तुकडा. बांधकामाची तार, सायकल ट्यूब, एम-सील, साबण, चिकटपट्टी. दोन जाड फळ्या, जाड दोर, ताडपत्री, कपाळावर बांधायचा टॉर्च आणि पातळ हातमोजे. धुक्यात रस्त्याच्या कडेला थांबायची वेळ आली तर मागे ठेवायला परावर्तक त्रिकोण. वेल्डिंगचं मात्र जागेवर करू नका. दोन-तीन बॅटऱ्या जोडून रॉड पेटवणारे आहेत, पण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने फुटतो, आणि आपल्याकडे ट्रॅक्टरची कामं करणारा वेल्डर जवळच्याच गावात मिळतो.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर उद्या दुपारी, घरच्या अंगणात, दोन्ही हब लॉक करून शाफ्ट पिळायची परीक्षा करा. शाफ्ट फिरलाच, तर दोन्ही हब खोला. एकच नाही, दोन्ही. कारण ग्रीस दोन्हीत एकाच वयाचं आहे. डिझेलने धुवा, पातळ ग्रीस लावा, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून कच्च्या रस्त्यावर किलोमीटरभर फोरमध्ये चालवा. त्याच वेळी पुढच्या ॲक्सलचं थोडं ऑइल बाटलीत काढून उन्हात धरा. पांढरट दिसलं तर पूर्ण बदला. चमकणारे धातूचे कण दिसले, तर माल भरण्याआधी गाडी दाखवायला आणा.